सातवी वही

१

सहावी होती, आठवी होती. मधली सातवी प्रयोगवही तेवढी नव्हती, आणि लोखंडी कपाटात तिच्या जागी बोटभर रुंद फट उरली होती.

चाळणीबाई त्या फटीकडे बघत उभ्या होत्या. सकाळचे सव्वानऊ झाले होते. चाळणीबाई हे नाव त्यांच्या तोंडावर कुणी घेत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. तीस वर्षं त्यांनी पेटंट कचेरीत अर्ज तपासले. कितीही गुळगुळीत अर्ज असो, बाईंनी चाळला की खडा खाली राहायचाच. निवृत्त झाल्यावर त्या आठवड्यातून तीन दिवस विद्यापीठाच्या हस्तांतर कक्षात यायच्या. प्रयोगशाळेत लागलेला शोध कारखान्यांपर्यंत न्यायचा, एवढंच या कक्षाचं काम. काल त्यांचा यायचा दिवस नव्हता, आणि नेमकं काल हे घडलं होतं.

"ताई, गेली ती गेली. आता चार वाजता काय तोंड दाखवायचं?"

हा कक्षाचा प्रमुख, चाळणीबाईंचा मामेभाऊ. मामी गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तेव्हापासून ताईच्या घरी वाढला. त्याला पाढे ताईनं शिकवले आणि तापात उशाशीही तीच बसली. आता तो पन्नाशीला आला होता आणि सगळं विद्यापीठ त्याला नगारा म्हणायचं. आसपासच्या तीस-बत्तीस पंप कारखान्यांना विद्यापीठाशी जोडायचं आणि हा पट्टा जगाच्या नकाशावर आणायचा, हा त्याचा ध्यास होता. त्याची रंगीत माहितीपत्रकं न्हाव्याच्या दुकानातसुद्धा सापडत. आज मात्र नगाऱ्याचा आवाज बसला होता.

आज चार वाजता पंपवाल्यांच्या संघाशी करार व्हायचा होता. पंपाचं बेअरिंग खराब व्हायच्या आधीच इशारा देणारा, तेलातही न सुटणारा सेन्सर, हा तो शोध. संघाच्या वकीलबाईंनी काल कळवलं होतं: शोध कुठल्या दिवशी लागला ते मूळ वहीत बघेन, मगच सह्या. आणि ती तारीख सातव्या वहीतच होती.

"कुलगुरूंनी पत्र तयार ठेवलंय," नगारा म्हणाला. "चारपर्यंत वही आली नाही, तर त्या मुलीला काढून टाकणार. शोधाच्या मानकऱ्यांतूनही तिचं नाव वगळायचं म्हणतायत."

"तिनंच नेली, असं कुणी पाहिलं?"

"पाहिलं नाही कुणी. पण कपाटाच्या नोंदवहीत शेवटची सही तिचीच आहे. आणि तिच्या बहिणीचा नवरा कुठं नोकरीला आहे, ठाऊक आहे ना?"

चाळणीबाईंना ठाऊक होतं. जी मोठी कंपनी असाच सेन्सर काढायच्या मागे होती, तिथेच.

२

त्या मुलीला सगळे मुंगी म्हणत. चणीनं लहान, आणि साडेतीन वर्षं तिला कुणी रिकामी बसलेली पाहिलं नव्हतं. बँकेतली पक्की नोकरी सोडून ती इथे संशोधनाला आली होती. आज ती कुलगुरूंच्या कचेरीबाहेर बाकावर बसून होती. हातात एक कडी घेऊन ती नुसती फिरवत होती. कडीचा अर्धा भाग तांब्याचा लाल, अर्धा पोलादी करडा, आणि मधे एक बारीक चीर.

"हीच का ती?" शेजारी बसत चाळणीबाईंनी विचारलं.

"हीच. सेन्सर पंपात नुसता चिकटवला तर तेलानं सुटतो. ही कडी त्याला धरून ठेवते. पंप तापला की दोन धातू कमीजास्त फुगतात, चीर मिटते आणि पकड घट्ट होते." तिनं कडी मांडीवर ठेवली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी वही ठेवली होती. पाच वाजून पाच मिनिटांनी. कपाट लावलं, किल्ली खणात टाकली."

"किल्ली खणात असते हे किती जणांना माहीत आहे?"

"मला, आमच्या प्राध्यापक सरांना, आणि कक्षाच्या साहेबांना."

"वकीलबाईंनी वही मागितलीय, हे तुला कधी कळलं?"

"आज सकाळी. चोर म्हणून बोलावलं तेव्हा." तिनं कडी मुठीत आवळली. "माझ्या ताईला फोन आला होता इथून. तुमचे यजमान काय काम करतात, म्हणून विचारलं. तिच्या सासूसमोर. माझं जाऊ दे, पण तिचा काय संबंध?"

चाळणीबाईंना तिची कणव आली, पण चाळताना कणव बाजूला ठेवायची त्यांची जुनी सवय होती. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि मनात हिशेब मांडू लागल्या.

काल दिवसभर वही मुंगीच्या टेबलावरच होती. पळवायचीच असती तर परत आणून सही कशाला करायची? आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. विकायला वही कशाला लागते? खिशात फोन असतो. पानांचे फोटो काढायचे आणि वही जागच्या जागी ठेवायची. सहा महिने कुणाला पत्ता लागला नसता. ज्यानं मूळ वहीच उचलली, त्याला आतला मजकूर नको होता. तो मजकूर दुसऱ्या कुणी वाचू नये, एवढंच त्याला हवं होतं.

आणि हे वाचणार कोण होतं? चार वाजता येणाऱ्या वकीलबाई. त्यांचं पत्र काल चार वाजता फक्त नगाऱ्याकडे आलं होतं, आणि नगाऱ्यानं फोन करून सांगितलं ते फक्त एकाला.

३

प्राध्यापक सर खोलीत खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले होते. शोधाच्या अर्जावर मुंगीच्या बरोबरीनं त्यांचंही नाव होतं, तेही पहिलं.

"सर, सातव्या वहीत साक्षीदाराच्या सह्या कुणाच्या आहेत?" चाळणीबाईंनी बसायच्या आधीच विचारलं.

सरांनी खुर्ची वळवली. प्रयोगवहीचा एक रिवाज असतो. रोजच्या पानाखाली काम करणारा सही करतो, आणि त्याखाली 'वाचले व समजले' असं लिहून साक्षीदार सही करतो. साक्षीदार त्या शोधातला असून चालत नाही. नाहीतर नवरदेवानंच आपल्या लग्नाचा साक्षीदार व्हावं तसं ते होतं.

"माझ्या," सर म्हणाले.

"म्हणजे वही सांगते की शोधात तुम्ही नव्हता. अर्ज सांगतो की होता. वकीलबाईंनी पहिलं पान उघडताच तुमचं बिंग फुटलं असतं."

"फुटलं असतं," सरांनी मान हलवली. मग टेबलावरचा एक कागद त्यांच्यापुढे सरकवला. "म्हणून काल रात्रीच मी वकीलबाईंना लिहून टाकलं. माझं नाव काढा म्हणून. त्यांचं उत्तरही आलंय, वाचा."

चाळणीबाईंनी वाचलं. उत्तर खरं होतं, वेळ रात्री आठची होती. ज्यानं स्वतःच कबुली दिली, त्याला वही लपवून काय मिळणार?

"वहीत नेमकं आहे तरी काय, सर? पानापानावर सही तुमची आहे."

सरांनी कागद परत ओढून घेतला. "खरं सांगू? मी वाचलेली नाही. ती महिन्याच्या शेवटी वही आणायची, मी एका बैठकीत वीस-वीस पानांवर सह्या ठोकायचो. 'वाचले व समजले.' पोरीनं एकदा विचारलं होतं, सर, कसं वाटलं? मी म्हटलं, छान."

चाळणीबाई जिना उतरू लागल्या. तिघांनाच किल्लीची जागा ठाऊक होती. त्यांतली मुंगी गळाली, सर गळाले. उरलं ते नाव घ्यायला मन तयार होत नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण कारण काय? ज्यानं या करारासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या, तो आपल्याच हातानं तो का बुडवील?

४

दुपारी तीनच्या सुमारास त्या खालच्या दालनात आल्या. तिथे चौथऱ्यावर नमुन्याचा पंप ठेवलेला होता, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावा म्हणून. शेजारी पत्रकांची मांडणी. चाळणीबाई त्या मांडणीपुढे थांबल्या. गेल्या वर्षीच्या उन्हाळी शिबिराची पत्रकं होती, त्याआधीच्या वर्षीची होती, एका रद्द झालेल्या परिषदेचीसुद्धा होती. नगारा छापलेला कागद कधी फेकत नसे. पण मधला एक कप्पा रिकामा होता आणि तिथली धूळ ताजी पुसलेली दिसत होती.

मग त्यांनी पंपाकडे नीट पाहिलं. निळ्या रंगाच्या अंगावर एका बाजूला हातभर पत्र्याची पट्टी बसवलेली होती. रंग तोच, पण चार स्क्रू नवे, चकचकीत.

त्या तडक कार्यशाळेत गेल्या. लेथवर काम करणारे काका त्याच जागी अठ्ठावीस वर्षं उभे होते. मुंगीच्या सगळ्या कड्या त्यांनीच कातल्या होत्या.

"काका, दालनातल्या पंपाला ती पट्टी कधी लावली?"

"तुम्ही नव्या आलात तेव्हा. तुमचं व्याख्यान झालं ना मोठ्या सभागृहात, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब धावत आले. म्हणाले, काका, खिडकी आत्ताच्या आत्ता बंद करा."

"खिडकी?"

"मग! त्या पंपाला खिडकी कापली होती, आतलं दिसावं म्हणून. उद्योगमेळाव्यात हीऽ गर्दी! लोक बोट घालून बघायचे. थांबा, कागद असेल कुठंतरी." काकांनी चहाच्या भांड्याखालून एक तेलकट पत्रक ओढून काढलं. "हे बघा."

पत्रकावर पंपाचा मोठा फोटो होता. खिडकी सताड उघडी, आत पिवळीधमक कडी झळकत होती, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'या! उघडून पाहा!' खाली मेळाव्याची तारीख होती, तीन.

चाळणीबाईंनी जवळचं स्टूल ओढलं. पेटंटचा अर्ज गेला होता त्याच महिन्याच्या एकवीस तारखेला.

उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. अर्ज करायच्या आधी अठरा दिवस यानं शोध भर बाजारात उघडा मांडला होता! आणि आपण त्या व्याख्यानात काय म्हणालो होतो, ते त्यांना शब्दन् शब्द आठवलं: 'अर्जाआधी जगाला दाखवलंत, की तो शोध तुमचा राहिला नाही. मग देव आला तरी वाचवू शकत नाही.' समोर पहिल्या रांगेत नगारा बसला होता. टाळ्या वाजल्या तेव्हा तो वाजवत नव्हता.

मुंगी रोजचं सगळं वहीत लिहायची. म्हणजे मेळाव्याचं पान सातव्या वहीत असणार. त्या फोटोत काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. पत्रक घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवलं आणि त्या वाहनतळाकडे निघाल्या.

५

नगारा गाडीत नुसता बसून होता. काचा बंद होत्या.

"डिकी उघड," चाळणीबाई म्हणाल्या.

"ताई, अगं—"

"उघड म्हटलं ना."

डिकीत पत्रकांचं खोकं होतं. 'या! उघडून पाहा!' शेकड्यांनी. कागद फेकवत नाही, जाळवत नाही, म्हणून सगळे गाडीत घालून फिरत होता. त्या गठ्ठ्याच्या तळाशी काळ्या पुठ्ठ्याची वही होती.

नगारा लहान मुलासारखा रडायला लागला. "मला माहीत नव्हतं गं! मला वाटलं, जितकं दाखवू तितकं चांगलं. मुंगीलाही मीच म्हटलं, लोकांना मोकळेपणी सांग. अर्जात विचारलं होतं, शोध आधी कुठं दाखवलाय का? मी 'नाही' लिहिलं, तो प्रश्न कशासाठी ते मला कळलंच नाही. मग तुझं व्याख्यान ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. बत्तीस कारखाने माझ्या भरवशावर बसलेत."

"मला का विचारलं नाहीस?"

"तुला?" त्यानं डोळे पुसले. "तू चाळणी. चूक सापडली की तू माणूस बघत नाहीस. लहानपणी पाढा चुकला तर जेवायला वाढायची नाहीस. हिंमत झाली नाही माझी."

 पन्नाशीचा भाऊ आपल्याला घाबरून चोर झाला, हे ऐकायची त्यांची तयारी नव्हती. काही बोलायला नको म्हणून त्यांनी वही उघडली.

तीन तारखेचं पान होतं. मुंगीचं बारीक, सरळ अक्षर: 'मेळावा. पंप उघडा ठेवला. सुमारे दोनशे लोकांनी कडी पाहिली. सर्वांना समजावले.' नगाऱ्यानं बघितलं होतं ते हेच पान. कोपरा दुमडलेला होता. खाली सरांची सही, वाचले व समजले.

सगळं संपलं होतं. वही दाखवली तर शोध जाणार, नाही दाखवली तर मुलगी. चाळणीबाईंनी सवयीनं पान उलटलं.

'पाच तारीख. मेळाव्यातील पंप उघडून पाहिला. पितळी कडी दोन दिवसांतच सैल. सेन्सर हलतो. ही पद्धत चुकली. पुन्हा पहिल्यापासून.'

त्यांनी भराभर पानं उलटली. सहा, आठ, अकरा. आणि मग: 'तेरा तारीख. दोन धातूंची कडी, मधे चीर. तापल्यावर पकड घट्ट. चौदा तास चालवली. हलली नाही.' तिनं तारखेखाली दोन रेघा मारल्या होत्या.

चाळणीबाईंनी पर्समधलं तेलकट पत्रक काढलं. पिवळीधमक कडी. अख्खी. चीर नाही, तांबं नाही, पोलाद नाही. सकाळी मुंगीच्या हातात होती ती कडी ही नव्हेच.

"तू या पानाच्या पुढे वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुढं काय वाचायचं? मेलं होतं सगळं."

"गाढवा," चाळणीबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका हळू होता की तो दचकला. "मेळाव्यात दाखवलीस ती फसलेली कडी. खरा शोध त्यानंतर दहा दिवसांनी लागला, अर्जाच्या आठ दिवस आधी. सेन्सर काही नवा नव्हता, अर्ज आहे तो फक्त चिरेच्या कडीचा. तू 'नाही' लिहिलंस ते खरंच होतं. आणि ते खरं आहे हे सांगणारा जगात एकच पुरावा होता. तोच तू लपवलास."

नगारा तोंड उघडं ठेवून बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटायला लागलं. "म्हणजे वाचलो? ताई, मग गुपचूप कपाटात ठेवून देऊ? म्हणू, मागे पडली होती!"

"आणि बाकावर सकाळपासून बसलीय ती?"

हसू विरलं.

"शोध वाचला. तू नाही वाचलास," चाळणीबाई म्हणाल्या. "तुझी चूक मेळाव्यातली नव्हती. त्या पोरीच्या बहिणीला सासूसमोर फोन करून विचारलं, तेव्हा तू तिथंच बसला होतास आणि वही तुझ्या गाडीत होती. मी सांगणार नाही कुणाला. तू सांगशील. चारला दहा मिनिटं कमी आहेत."

६

वकीलबाई वेळेवर आल्या. कुलगुरूंपुढे ते पत्र पडलं होतं, पेन वर ठेवलेलं. मुंगी दाराशी उभी होती. तिला बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

नगारा आत आला तो वही छातीशी धरून. दोन क्षण त्याला बोलताच येईना, ज्याला माइक बंद करून खाली बसवावं लागायचं त्याला! मग तो म्हणाला, "वही मी नेली होती. तिनं नाही." आणि मग थांबत थांबत त्यानं मेळाव्यापासूनचं सगळं सांगितलं.

वकीलबाईंनी वहीतली तेवढी पानं वाचली. पत्रक वाचलं. "लिहिलेलं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मेळाव्यात पितळीच कडी होती, हे फोटोवरून मी कसं मानू?"

चाळणीबाईंनी काकांना दालनातच उभं केलं होतं. सगळे खाली गेले. काकांनी एकेक करून चार स्क्रू काढले, पट्टी उचलली. खिडकीतून पिवळी कडी दिसली. काकांनी बोट लावलं तशी ती लटलटली आणि सेन्सरसकट त्यांच्या तळहातावर आली.

"मेळाव्यापासून आतच आहे," काका म्हणाले. "मुंगी म्हणाली होती बदलू, साहेब म्हणाले शोभेच्या पंपाला काय करायचंय."

वकीलबाई पहिल्यांदाच हसल्या. "करार पक्का. शोधाच्या मानकऱ्यांत एकच नाव, या मुलीचं."

कुलगुरूंनी ते पत्र फाडलं. नगाऱ्यानं खिशातून दुसरं काढून त्यांच्या हातात दिलं. राजीनामा होता.  चाळणीबाईंना वाटलं, पुढे होऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. पण आधी त्या मुलीचा हक्क होता.

मुंगी पुढे आली. सगळ्यांना वाटलं आता ती ओरडेल, आणि ओरडली असती तरी चाललं असतं. तिनं फक्त वही उचलली, शेवटचं उरलेलं कोरं पान उघडलं, आज घडलं ते उभ्यानंच दोन ओळींत लिहिलं आणि सही केली. मग वही नगाऱ्यापुढे ठेवली.

"साक्षीदार हवाय," ती म्हणाली. "तुम्ही आता शोधातही नाही आणि कक्षातही नाही. तुमची सही चालेल."

नगाऱ्यानं पेन उचललं आणि सहीच्या जागेवर टेकवलं.

"अंहं," मुंगी म्हणाली. तिनं पानं मागे उलटून वही पहिल्या पानावर आणली. "आधी वाचा. साडेतीन वर्षांत माझी एकही वही कुणी सबंध वाचलेली नाही."

सर मान खाली घालून उभे होते. चाळणीबाईंनाही मान वर करवेना, त्यांनीसुद्धा नुसता अर्जच चाळला होता. नगारा चौथऱ्याच्या पायरीवर बसला, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं, पण जायला कुणीच निघालं नाही.